खोक्यावरच्या बाई

बावीस वर्षं त्या बाई होत्या आणि एका सोमवारी सकाळी नऊ वाजता मावशी झाल्या. टायपिंगच्या क्लासातला मान क्लासाबरोबर गेला. कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी "मावशी, डावीकडून जा" म्हणाला आणि तेच नाव त्यांना तिथे चिकटलं. बाईंना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नोकरी देताहेत हेच पुष्कळ, वर मानपान कुठे मागायचा! आपण मात्र त्यांना बाईच म्हणू.

क्लास म्हणजे दोन खोल्या आणि चौदा मशीनं. मुलं टाइप करत असताना बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि न वळता सांगायच्या, "तिसऱ्या रांगेतली, करंगळी झोपलीय तुझी." नव्या मुलांना वाटायचं, बाईंच्या डोक्याला मागेही डोळे आहेत. डोळे नव्हते, कान होते. चौदा मशीनांच्या खडखडाटातून कुठलं बोट उशिरा पडलं, कुठलं दोनदा पडलं, हे त्यांना डाळीतला खडा लागावा तसं लागायचं. त्यांच्या हाताखालून दीड हजारांवर मुलं-मुली गेली. बाई म्हणाल्या चूक, की चूक. बाई म्हणाल्या बरोबर, की विषय संपला. मग लोक फोनवर अंगठ्याने टाइप करायला लागले. बाईंच्या मते अंगठा दोघांच्याच कामाचा, एक स्पेसबारच्या आणि दुसरा ज्याला सही येत नाही त्याच्या. पण जगाने त्यांचं मत विचारलं नाही आणि क्लास बंद पडला.

घरात त्या आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे पाठोपाठच्या वर्षांत गेले आणि दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या. जाऊबाईंना ऐकू कमी येई. त्यामुळे ज्यांच्या कानाची गावभर वाहवा, त्यांच्याच घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे. घर बाईंच्या नोकरीवर चाले, आणि हे मात्र जाऊबाईंना एकदाही सांगावं लागलं नव्हतं.

कंपनी कॉम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्यांसाठी माऊस आणि कीबोर्ड बनवायची. खेळणारे म्हणजे पोरंटोरं नव्हेत, चांगले दाढीमिशांचे बाप्ये. त्यांचा माऊस साधा चालत नाही. त्याला बाजूला सहा बटणं लागतात आणि पोटात सात रंगांचा दिवा लागतो. तो दिवा नको असेल तर तो बंद करायला कंपनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवावं लागे. त्या सॉफ्टवेअरला आधी आपलं नाव, फोन नंबर आणि जन्मतारीख द्यायची, मग ते आत घेणार. शिवाय ते एकटं येत नसे. पाहुण्याबरोबर त्याचे दोन मेहुणे यावेत तशी आणखी दोन न बोलावलेली सॉफ्टवेअरं सोबत यायची आणि कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यात आधी पाटावर बसायची.

"माऊसला जन्मतारीख कशाला गं?" जाऊबाईंनी विचारलं होतं.

"मला काय माहीत!"

"काय?"

"मला काय माहीत म्हटलं!"

"वाढदिवसाला जेवायला येत असेल," जाऊबाई म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर बराच वेळ हसल्या.

बाईंची खोली परत आलेल्या मालाची. लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, डावीकडे न तपासलेले माऊस, उजवीकडे तपासलेले. काम असं की एकेक माऊस घ्यायचा, कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, डावं बटण शंभर वेळा दाबायचं आणि पडद्यावर आकडा बघायचा. शंभर आला तर माऊस ठीक. एकशे चार, एकशे नऊ असं काही आलं तर एका दाबाचे दोन मोजले जाताहेत, म्हणजे दोष. या दोन मोजण्याच्या दुखण्याबद्दलच सगळ्यात जास्त तक्रारी. खोक्यावर छापलेलं असायचं, 'आठ कोटी क्लिकचं आयुष्य', आणि वर्षभरात बटणाखालची पत्ती सैल पडायची. आठ कोटी मोजले होते ते एका यंत्राच्या बोटाने, सरळ वरून खाली, एका तालात. माणसाचं बोट तसं पडत नाही हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. त्यावर कोणीतरी म्हणालं, मावशी, माणसं मोजायला परवडत नाहीत.

माऊस ठीक निघाला तर त्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'दोष आढळला नाही', खाली सही करायची आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायचा. दोष निघाला तर नवा द्यायचा. दिवसाला साठ माऊस.

बाईंनी त्यात स्वतःची एक खोड घातली. वायर जोडण्याआधी त्या माऊस कानाशी धरायच्या आणि बटण एकदाच दाबायच्या. धड बटण 'टिक' म्हणतं. पत्ती सैल झालेलं 'टिर्क' म्हणतं. हा मधला 'र' इतका बारीक, की खोलीतल्या इतरांना तो शोधूनही सापडत नसे. 'टिक' वाले बाई एका बाजूला ठेवायच्या, 'टिर्क' वाले दुसऱ्या, आणि मग मशीन लावायच्या. पहिली दोन वर्षं कान आणि आकडा एकदाही भांडले नाहीत. शेजारच्या खोल्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत बघायला यायची, मुद्दाम माऊस सरमिसळ करून द्यायची आणि हरून जायची.

ही बातमी जाहिरात खात्यात गेली आणि तिथून एक टापटीप तरुणी कॅमेरावाल्याला घेऊन आली. तिला खोलीत सगळे जाहिरातवाली म्हणायचे. तिने बाईंना खुर्चीत बसवलं, हातात माऊस दिला, तो कानाशी धरायला लावला आणि ओळ वाचून दाखवली, "मावशींच्या कानाखालून गेल्याशिवाय आमचा माऊस बाहेर पडत नाही."

खोलीत हसण्याची उकळी फुटली. एकाने पुढे होऊन तिला समजावलं, "मॅडम, कानाखाली माऊस जात नाही, दुसरंच काहीतरी जातं." तिला ते कळायला थोडा वेळ लागला. शेवटी ओळ ठरली, 'कानाने पारखलेला'.

"पण मी फक्त परत आलेले ऐकते," बाई म्हणाल्या. "नवे कुठे येतात माझ्याकडे?"

"पण ऐकता ना?"

"ऐकते."

"मग खोटं काय त्यात?"

त्यात खोटं काय ते बाईंना पटकन सांगता आलं नाही. शब्दात बोट ठेवायला जागा नव्हती, सगळी लबाडी शब्दांच्या मधल्या फटीत होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं होतं. बावीस वर्षं ज्या कानांनी दीड हजार मुलांची बोटं सरळ केली, त्यांचं कोणी फोटो काढण्याइतकं कौतुक केलं नव्हतं. त्यांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एक फोटो छापायच्या परवानगीचा. दुसरा, मालाबद्दल कंपनीबाहेर काही बोलणार नाही, बोलल्यास नोकरी जाईल, याचा. महिन्याभरात खोक्यावर बाई आल्या, सुरकुत्या पुसलेल्या, कानाशी माऊस धरून गालातल्या गालात हसणाऱ्या. एक रिकामं खोकं त्यांनी घरी आणून कपाटावर ठेवलं.

"बसलीस खरी खोक्यावर," जाऊबाई म्हणाल्या, "आता उतरवणार कोण तुला?"

खोलीचा साहेब बाईंच्या मुलाच्या वयाचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा सगळा विश्वास एका गोष्टीवर, अपडेट. माऊस बिघडला, अपडेट करा. कॉम्प्युटर अडला, अपडेट करा. याचा चहा गार झाला तरी हा त्याला अपडेट करेल, अशी चेष्टा चालायची आणि पाठीमागे त्याला अपडेटसाहेब म्हणायचे. एके दिवशी त्याने सगळ्या कॉम्प्युटरांवर सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती चढवली आणि भिंतीवर सूचना लावली. तिच्यात नव्या सोयी होत्या. दिव्याला आणखी चार रंग, उघडताक्षणी कंपनीच्या नव्या मालाची जाहिरात, आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'क्लिकमधला गोंगाट गाळण्याची सोय'.

त्या दिवशी कान आणि आकडा पहिल्यांदा भांडले. बाईंनी कानाशी धरलेला माऊस 'टिर्क' म्हणाला. त्यांनी तो दोषाच्या बाजूला ठेवला, मग जोडून शंभर वेळा दाबला. आकडा आला शंभर. पुन्हा दाबला, पुन्हा शंभर. संध्याकाळपर्यंत असे अकरा झाले.

त्या साहेबाकडे गेल्या. "हे अकरा मला खराब ऐकू येताहेत."

"आकडा काय म्हणतो?"

"शंभर."

"मग झालं की, मावशी."

"पण पत्ती सैल आहे. ऐकू येतंय मला."

साहेब हसला. "मावशी, या वयात कानालाही अपडेट लागतो." त्याच्या बोलण्यात विष नव्हतं, पण बाईंना ते लागलं.

इथे बाईंनी जी चूक केली ती त्यांच्यासारख्या कानावर जगणाऱ्या माणसालाच करता आली असती. खोलीतल्या बाकी कुणाला 'गोंगाट' या शब्दाचं काही वाटलं नाही. त्यांनी ती ओळ वाचलीच नव्हती. बाईंनी वाचली, दोनदा वाचली, आणि त्यांच्या लेखी गोंगाट म्हणजे आवाज, दुसरं काही असूच शकत नाही. कंपनीने काहीतरी करून क्लिकचा जास्तीचा आवाज गाळला आहे, असं त्यांनी ठरवलं. आता जो आवाज गाळला आहे तो आपल्याला अजून ऐकू येत असेल, तर याचा अर्थ एकच. आपले कान वाजताहेत.

आठवडाभर हे पोटात ठेवून त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. बाईंनी दाबलं. मग डॉक्टर कागद बघत म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम."

यातला 'उत्तम' बाईंना ऐकूच आला नाही. 'वयाच्या मानाने' हे दोन शब्द घेऊन त्या घरी आल्या.

"काय म्हणाला?" जाऊबाईंनी विचारलं.

"वय झालं म्हणाला."

"काय?"

"काही नाही म्हणाला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माऊस कानाशी धरणं सोडलं. हातात घ्यायचा, जोडायचा, शंभर वेळा दाबायचा, चिठ्ठी चिकटवायची. 'टिर्क' ऐकू यायचाच, पण आता त्या त्याच्याकडे भिंतीपलीकडच्या भांडणाकडे करावं तसं दुर्लक्ष करत. सात महिने हे चाललं. सदोष माऊसांचं प्रमाण शंभरात तिसावरून शंभरात दोनावर आलं आणि अपडेटसाहेबाला वरून शाबासकी मिळाली. मधूनमधून परत आलेल्या माऊसबरोबर चिठ्ठ्या यायच्या. एकाने लिहिलं होतं, 'कानवाल्या मावशींना, आधी हा एकाचे दोन मारायचा, आता मारतो एकच पण उशिरा मारतो, आणि तुमच्या खोक्यावर लिहिलंय पापणी लवायच्या आत.' कंपनीने त्याला उत्तर पाठवलं की आपलं इंटरनेट तपासून घ्यावं. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि फायलीत लावली. त्यांच्याकडून तेवढंच झालं.

मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई उभी, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी. बाईंनी तिला वेणीवरून ओळखलं. क्लासात तिला सगळे वेणीवाली म्हणायचे; मशीनवर वाकली की वेणी कळांवर पडायची आणि बाई न वळता म्हणायच्या, "वेणी उचल, ती चुका करतेय." वेणी आता अर्धी राहिली होती.

"बाई, तुम्हाला त्रास द्यायला आले," ती म्हणाली. कित्येक वर्षांत कोणी असं बाई म्हणालं नव्हतं. "माझं बोट बघाल का?"

"मी काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात काही नाही. पण क्लासात तुम्ही आवाजावरून सांगायचात ना, कुठलं बोट चुकतंय. माझं एकदा दाबायला गेलं की दोनदा दाबलं जातंय, बाई. मला कळतसुद्धा नाही."

बाईंनी तिला बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. ती एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायच्या खिडकीवर होती. पडद्यावर नावांची यादी. नावावर एकदा क्लिक केलं की नाव हिरवं होतं, म्हणजे पेशंटला आत बोलावलं. हिरव्या नावावर पुन्हा क्लिक केलं की ते लाल होतं, म्हणजे बोलावलं पण माणूस आलाच नाही, आणि त्याचा नंबर जातो. चार महिने तिच्या हातून नावं हिरवी होऊन लगेच लाल व्हायची. माणसं बाकावर बसून राहायची आणि त्यांचा नंबर निघून गेलेला असायचा. एक म्हातारे गृहस्थ तीन तास बसले आणि काही न बोलता घरी गेले. तिच्यावर तक्रारी झाल्या. या महिन्याअखेर तिला कामावरून काढणार होते, पत्र तयार होतं.

"माऊस बदलून बघितलास?"

"माऊस चांगला आहे, बाई." तिने हे अगदी खात्रीने सांगितलं. "ऑफिसातल्या छोट्या माऊसने मनगट दुखायचं म्हणून मी स्वतःचा घेतला. दुकानात गेले तर खोक्यावर तुम्ही! मला गेम-बिम काही येत नाहीत. तुमचा फोटो होता म्हणून घेतला. मग हे व्हायला लागलं तेव्हा मला आधी माऊसचाच संशय आला, म्हणून कंपनीत पाठवला. तिकडून चिठ्ठी आली, दोष आढळला नाही. खाली तुमची सही. तेव्हा मी समजले, बाईंनी ऐकलाय म्हणजे माऊस बरोबरच आहे, चूक माझ्या बोटाची आहे. तेव्हापासून पट्टी बांधते."

बाईंनी तिचा हात आपल्यापुढे ओढला. मग म्हणाल्या, "पट्टी काढ."

तिने काढली. बोट पांढरं पडलं होतं.

"टेबलावर दाब. मी सांगेन तेव्हा."

बाई उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वेणीवालीने वीस वेळा टेबलावर बोट आपटलं. वीस आवाज आले, स्वच्छ, सारख्या अंतराने.

"बोटाला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की, बाई?"

नक्की, असं म्हणायला बाईंची जीभ रेटेना. ज्या कानांवर त्या हे सांगत होत्या, त्यांना त्यांनी स्वतःच सात महिन्यांपूर्वी रजा दिली होती. "उद्या तुझ्या ऑफिसात येते," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी कंपनीत कळवलं की बरं नाही, आणि दवाखान्यात गेल्या. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. खिडकीमागे छोटी खोली, त्यात कॉम्प्युटर आणि त्याच्याशेजारी तो माऊस, सात रंगांत उजळणारा. त्यावर वेणीवालीने कागदाची पट्टी चिकटवली होती.

"हे काय?"

"दिवा बंदच होत नाही. डोळ्यांत जातो."

बाईंनी वायर काढली, माऊस कानाशी धरला आणि बटण एकदा दाबलं.

टिर्क.

त्यांनी वायर परत जोडली. "एखादं खोटं नाव घाल यादीत." वेणीवालीने यादीच्या तळाशी एक नाव घातलं. बाईंनी त्यावर नेऊन बटण एकदा, अगदी एकदाच दाबलं. नाव हिरवं झालं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल झालं.

"बघा! तुमच्याही हातून झालं," वेणीवाली म्हणाली.

सात महिन्यांत पहिल्यांदा कान आणि पडदा एकच बोलत होते. बाईंनी विचारलं, "याचं सॉफ्टवेअर कुठाय? कंपनीचं?"

"इथे बाहेरचं काही चढवू देत नाहीत. पेशंटची माहिती असते ना. म्हणून तर दिवा बंद होत नाही."

बाई खुर्चीत बसल्या. गोंगाट. कंपनीच्या भाषेत गोंगाट म्हणजे आवाज नव्हताच. दुसरा क्लिक म्हणजे गोंगाट. पत्ती बदलायच्या ऐवजी त्यांनी सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं होतं, पहिल्या क्लिकच्या पाठोपाठ दुसरा आला तर गिळून टाक. गिळायचा म्हणजे जरा थांबून बघावं लागणार, म्हणून तो माऊस उशिरा मारत होता. कंपनीच्या खोलीत ते सॉफ्टवेअर होतं म्हणून शंभराला शंभर. इथे नव्हतं म्हणून एकाचे दोन. माऊस जसा आला होता तसाच परत गेला होता, फक्त त्याच्याबरोबर बाईंची सही गेली होती. त्यांना अशी लाज वाटली की त्यांनी पदराआड तोंड करावं तसं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना फसवणाऱ्यांची लाज नव्हती ती. कानाने त्यांना सात महिने खरं सांगितलं होतं आणि त्यांनी त्याला म्हातारा ठरवून गप्प बसवलं होतं.

"तुझे साहेब कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापक टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी फाईल उघडली. आत तक्रारी होत्या, नोकरीवरून काढायचं पत्र होतं आणि सगळ्यात वर ती चिठ्ठी नीट चिकटवलेली होती.

"हे पाहा," ते म्हणाले, "आम्ही अन्याय केलेला नाही. माऊस कंपनीकडून तपासून आणला. त्यांनी लेखी दिलंय."

"ती सही माझी आहे."

त्यांनी मान वर केली. वेणीवालीने आपल्या पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं. व्यवस्थापकांनी खोक्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत खोक्याकडे पाहिलं.

"फोटोत जरा..."

"तरुण दिसते. फोटोलाही अपडेट केलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काय झालं ते सांगितलं, पत्ती, सॉफ्टवेअर, शंभरचा आकडा, सगळं, क्लासात धडा सांगावा तसं, न अडखळता. व्यवस्थापकांनी स्वतः खिडकीवर जाऊन बटण दाबून पाहिलं. तीनदा दाबलं. मग ऑफिसातला छोटा माऊस जोडून तीनदा दाबलं. परत येऊन बसले.

"मला पटतंय," ते म्हणाले. "पण फायलीत कागदाला कागदच लागतो. इथे दोष नाही असा कागद आहे. दोष आहे असा तुम्ही देता?"

त्या दुसऱ्या कागदावरची सही बाईंना आठवली. कंपनीबाहेर बोलल्यास. बोलून तर झालंच होतं, पण बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. जाऊबाई यावेळी घरी खिडकीत बसल्या असतील, रस्त्याकडे बघत. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मशीन द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी टाइप केलं. पडद्याकडे न बघता, दहाही बोटांनी, आणि वेणीवाली त्यांच्यामागे हाताची घडी घालून उभी राहिली, जशा बाई तिच्यामागे उभ्या राहायच्या. माऊसचा नंबर, तारीख, बटणाखालची पत्ती सैल, सॉफ्टवेअर नसताना एका दाबाचे दोन क्लिक. चार ओळी झाल्या आणि बाई थांबल्या. एवढं पुरेसं होतं, व्यवस्थापक तसं म्हणालेही. पण त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. 'हा दोष मी तपासणीच्या दिवशी ऐकला होता. तरी लिहिला नाही.'

वेणीवालीने मागून वाचलं. "बाई, हे नका ना लिहू," ती हळूच म्हणाली.

"का? चुकीचं टाइप झालंय?"



कागद छापून बाहेर आला. बाईंनी पूर्ण नावाने सही केली. व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला, फायलीतून नोकरीवरून काढायचं पत्र ओढून काढलं, मधून फाडलं आणि दोन्ही तुकडे टोपलीत टाकले. वेणीवाली रडायला लागली आणि रडताना तिने ते पांढरं पडलेलं बोट मुठीत धरून ठेवलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर बाकावरून कोणीतरी ओरडलं, "पुढचा नंबर कधी?" तशी ती डोळे पुसून छोट्या माऊसकडे पळाली.

"अजून एक," व्यवस्थापक पेन काढून म्हणाले. "वर तुमचा पत्ता लागेल. कंपनीचाच घालू ना?"

"नको," बाई म्हणाल्या. "घरचा घाला."